चारशे फुटांची वाट

मिस्कू रस्ता, हॉटन जिल्हा
१४ ऑक्टोबर १९९५

ती. अर्वोदादास,
आयलीचा सा. न. वि. वि.

हे पत्र डेट्रॉइटच्या टपालबोटीतून तुझ्या जहाजावर चढेल तेव्हा तू कुठल्या सरोवरात असशील, देव जाणे. पण फोन करू नकोस. मागच्या खेपेला धक्क्यावरच्या फोनपाशी तुझ्यामागे सहा जण रांगेत होते आणि तू मला नुसतं बरं, बरं, बरं एवढंच ऐकवलंस.

बाबांचं उजवं अंग अजून तसंच लुळं आहे. वाचा नाहीच. डाव्या हाताने चमचा धरतात, निम्मं सूप शर्टाला पाजतात आणि मी पुसायला गेले की डोळे वटारतात. नर्स डोरीन मंगळवारी आणि शुक्रवारी येते. काल तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की जोवर तिची गाडी दारापर्यंत येते आहे तोवरच बाबांना घरी ठेवता येईल. जिथे रुग्णवाहिका पोचत नाही अशा घरात तिला रोगी ठेवता येत नाही. मग गावातलं शुश्रूषागृह. बाजूला घेऊन सांगितलं खरं, पण बाबांचे कान शाबूत आहेत. रात्रीचं जेवले नाहीत. दादा, मी त्यांना शब्द दिला आहे की हा हिवाळा आपल्याच शेगडीजवळ काढायचा.

तेव्हा रस्त्यापासून दारापर्यंतची चारशे फूट वाट मोकळी ठेवणं आता माझ्याकडे आलं. ट्रॅक्टरचं इंजिन जाम झालं आहे. शेजारचा कांगस बघून गेला आणि मान हलवली, म्हणजे कारभार आटोपला. पेल्कोनेनच्या दुकानात दोन एटीव्ही आहेत, त्या रानात चालणाऱ्या चारचाकी फटफट्या. एक लहान, लाल, मला उचलून नेता येईल अशी. दुसरी हिरवी, रेड्याएवढी. बर्फ ढकलायचं पातं दोन्हींना बसतं म्हणतो. मी जन्मभर मिल्वॉकीच्या शाळेत पोरांना पुस्तकं वाटली. मला यातलं ओ की ठो कळत नाही. कोणती घेऊ?

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी,
आयली

—

डुलूथ बंदर
२६ ऑक्टोबर १९९५

चि. आयलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लाल अजिबात घेऊ नकोस. ती पोरांनी रानात उंडारायला बरी. तिची फक्त मागची चाकं ओढतात; ओल्या बर्फात जागच्या जागी गरगरेल आणि तू तिच्यावर बसून रडशील. हिरवी घे. चारही चाकांना जोर पाहिजे, आणि वजन हे तिचं दूषण नव्हे, भूषण आहे. हलकं यंत्र बर्फाला ढकलत नाही, बर्फच त्याला ढकलतो.

पातं पाच फुटी घे, चार फुटी नको. तिरपं केलं की त्याची रुंदी घटते, आणि मग मागची चाकं न काढलेल्या बर्फावरून जातात. पातं उचलायला विंच, म्हणजे बटणावर दोर गुंडाळणारा रहाट, लावून घे. पेल्कोनेन म्हणेल हाताचा दांडा पुरे. त्याला म्हणावं, चारशे फुटांत साठ वेळा तूच उचलून दाखव. मागच्या चाकांना साखळ्या, मागच्या रॅकवर वाळूची दोन पोती. लाकडं ओढायला आकडा मागून घे, तो फुकट देतो पण मागितल्याशिवाय नाही.

जहाजावर आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर यावर तासभर वाद घातला. आचारी अजून लाल गाडीच्याच बाजूचा आहे, म्हणून त्याचं सूप तसं असतं. बाबांना सांग, बावीस जानेवारीला जहाज हिवाळ्यासाठी बंदरात लागलं की मी येतोच.

प्रकृतीला जप, आणि मोठ्या भावाचं ऐकण्याची ही दुर्मिळ संधी सोडू नकोस.
तुझा,
अर्वो

—

मिस्कू रस्ता
१९ नोव्हेंबर १९९५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हिरवी घेतली. पेल्कोनेनने विचारलं की मालक कुठे आहेत. मी म्हटलं, समोर उभी आहे. त्यानंतर आकडा त्याने न मागता दिला.

पहिल्या दिवशी ब्रेक समजून भलताच खटका दाबला आणि सौनाच्या, आपल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीला पातं लावलं. भिंत उभी आहे, माझी अब्रू तेवढी पडली. पण आता हात बसला. आतापर्यंत चार वेळा बर्फ झाला आणि चारही वेळा वाट मी ताटासारखी लख्ख केली. एका गाडीला जेवढी हवी तेवढीच, दोन्ही कडा दोरी लावल्यासारख्या सरळ. डोरीनने गाडीतून उतरून कौतुक केलं. कांगस रोज आपल्या लोडरवरून, त्या बर्फ उपसायच्या मोठ्या यंत्रावरून, जाताना थांबतो, बघतो, हात करतो आणि जातो. माझी प्रगती बघत असावा.

एकच गोष्ट मनाला लागते. बाबा खिडकीशी बसून माझं काम बघतात, आणि मी आत आले की डावा हात उचलून मला झिडकारतात. लांब, लांब, असा हात. मी जवळ गेले की आणखी जोरात. त्यांना बहुधा मी इथे नको आहे. नोकरी सोडून आले हे त्यांना आवडलेलं नाही हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण एवढं?

तू तरी झिडकारू नकोस.
तुझी,
आयली

—

टोलेडो
२ डिसेंबर १९९५

चि. आयलीस,
अनेक आशीर्वाद.

सौनाच्या भिंतीची बातमी मी टेबलावर वाचून दाखवली, माफ कर. आचारी आता म्हणतो की लाल घेतली असतीस तर भिंतीला ओरखडासुद्धा आला नसता.

बाबांचं मनावर घेऊ नकोस. आईलासुद्धा त्यांनी कधी जवळ ये असं म्हटल्याचं मला आठवत नाही. ज्या माणसाने साठ वर्षं आपली वाट स्वतः मोकळी केली, त्याला खिडकीतून बघत बसणं जड जात असणार. इंजिनातलं तेल थंडीचं, पातळ घाल. बॅटरी घरात आणून ठेवत जा.

घाईत आहे, लोभ मात्र सावकाश वाच.
तुझा,
अर्वो

—

मिस्कू रस्ता
१७ डिसेंबर १९९५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तेल घातलं, बॅटरी माझ्या पलंगाखाली असते. यंत्रात काही खोट नाही. तरीही काहीतरी बिनसलं आहे आणि ते मला कळत नाही.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून बर्फ थांबलेला नाही. कडेचे ढीग माझ्या खांद्याला लागले आणि दगडासारखे घट्ट झाले. नवा बर्फ टाकायला जागाच नाही, तो परत वाटेतच घरंगळतो. दर वेळी वाट वीतभर आत सरकते. परवा डोरीनच्या गाडीचा आरसा ढिगाला घासला. तिने वहीत काहीतरी लिहिलं. मी पातं आपटते, मागे येते, पुन्हा आपटते. साखळ्या फिरतात, ढीग जागचा हलत नाही. यंत्रावर बसून मी रडले, तू म्हणाला होतास तशी, फक्त हिरवीवर.

बाबांचं झिडकारणं इतकं वाढलं की त्यांचं तोंड लाल व्हायचं. डोरीन म्हणाली, त्यांना त्रास होईल असं काही समोर ठेवू नका. म्हणून मी त्यांची खुर्ची खिडकीपासून फिरवून टीव्हीसमोर केली. आता शांत असतात. हात मांडीवर ठेवून बसतात.

काय चुकतंय ते सांग ना, दादा.
तुझी,
आयली

—

सू लॉक्स
६ जानेवारी १९९६

चि. आयलीस,
आशीर्वाद.

टपालबोट नाताळाआधीच बंद झाली, म्हणून तुझं शेवटचं पत्र आज इथे धक्क्यावर मिळालं. तुझी दोन्ही पत्रं, एकोणीस नोव्हेंबरचं मी नीट वाचलं नव्हतं ते आणि सतरा डिसेंबरचं, आज हातात घेऊन बसलो आहे. फोन तीनदा लावला. ऑपरेटर म्हणते, वादळात तिकडच्या तारा पडल्या आहेत.

आयली, बाबा तुला जा म्हणत नव्हते. बर्फ लांब ढकल म्हणत होते.

नोव्हेंबरात वाट दोन गाड्यांएवढी रुंद काढायची असते. पहिलाच बर्फ पार कुंपणापर्यंत नेऊन टाकायचा, कारण कडेचा ढीग एकदा गोठला की तो हलत नाही आणि वाट रोज आत येते. दोन गाड्यांची काढली तर मार्चात एका गाडीची उरते. बाबा हेच करायचे, मी ट्रॅक्टरवर त्यांच्या मांडीत बसून पाहिलं आहे. तू तेव्हा आईबरोबर आत असायचीस. इंजिन, पातं, विंच, पोती, सगळं लिहिलं मी तुला, आणि हे लिहिलं नाही. हे सांगावं लागतं असं मला वाटलंच नाही.

खुर्ची खिडकीशी परत ने. कांगसला बोलाव. त्याचा लोडर ढीग फोडेल, एटीव्हीने आता ते होणार नाही. आजच्या आज.

अर्वो

—

मिस्कू रस्ता
१४ जानेवारी १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी आलं. बाबांना मंगळवारीच गावातल्या शुश्रूषागृहात नेलं.

डोरीनची गाडी रस्त्यावरच राहिली. ती चालत आली, गुडघाभर बर्फातून, आणि दारात बूट झटकता झटकता म्हणाली की आयली, आता मला हे लपवता येणार नाही. बाबांना ताप होता. रुग्णवाहिका वर येऊ शकत नव्हती. मग मी लाकडं ओढायची घसरगाडी एटीव्हीच्या आकड्याला लावली, बाबांना तीन रजयांत गुंडाळून तिच्यावर बांधलं, डोरीन मागे धरून चालली. त्या वाटेतून आमची हिरवी मात्र सहज गेली. त्यांना घरी ठेवायला जी घेतली, तिनेच त्यांना बाहेर काढलं. तू निवडलेलं यंत्र उत्तम आहे, दादा, एकदासुद्धा अडखळलं नाही.

पत्र वाचून कांगसकडे गेले. तो लगेच आला आणि तासाभरात वाट दोन गाड्यांची केली. मी त्याला विचारलं की नोव्हेंबरपासून रोज बघत होतास तर बोलला का नाहीस. त्याने लोडरचं इंजिन बंद केलं. मग म्हणाला की दुसऱ्याच्या अंगणात कसं काम करावं हे आपण कसं सांगणार. त्याला वाटलं माझ्या मनात काही बेत असेल. मी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. त्याचे डोळे भरले होते, त्याला आणखी काय बोलू?

वाट आता मोकळी आहे, तेव्हा बाबांना परत घरी आणू या, अशी मी डोरीनला गळ घातली. पण तिची मंगळवार-शुक्रवारची वेळ दुसऱ्या घराला गेली, आणि डॉक्टर एप्रिलच्या आत बाबांना हलवू देत नाहीत. एप्रिल बाबा बघतील का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मी त्यांच्या कानाशी सांगितलं की बाबा, मला कळलं, मला आता कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची खुर्ची का फिरवली हे त्यांना कधी समजलं असेल का, ते मला कधीच कळणार नाही.

तू बावीसला उतरलास की घरी येऊ नकोस, आधी त्यांच्याकडे जा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कोणी आपलं माणूस खोलीत आलं की ते डाव्या हाताने उशीजवळची लोकरी टोपी उचलून डोक्यावर घालतात आणि पांघरूण बाजूला सारतात. घरी निघायला तयार. आपण निघताना ती टोपी त्यांच्या डोक्यावरून काढून परत उशीजवळ ठेवावी लागते. नर्सला काढू देत नाहीत. पाच दिवस मी काढली. त्या दिवशी तू काढ, माझ्याने होत नाही.

बाकी काही उरलं नाही, लोभ तेवढा उरू दे.
तुझी,
आयली