मोटर नसलेली विहीर

मंगळवार, दिवेलागण

माझी विहीर मेली म्हणणारे हे कोण? रस्त्यावरच्या गॅरेजचं तेल-रॉकेल जमिनीत मुरलं, अख्ख्या गावठाणाच्या पाण्याला रॉकेलचा वास. साफ करायला कुठल्या विहिरीतलं पाणी आधी उपसायचं ते म्हणे सरकारी कॉम्प्युटरने ठरवलं, आणि आमचा नंबर शेवटी! नात म्हणते, "आजी, कमी खर्चात जास्त पाणी साफ व्हावं, असं गणित असतं ते." असेल. पण मोटर नाही म्हणून गणितात आमची विहीर बंद दाखवली. अगं, मी रोज दोर टाकते ना! हिच्याच लग्नात हळदीचं पाणी तिथूनच काढायचंय. नवरीच्या अंगाला रॉकेल लावू? उद्या विहिरींची यादी भरणारा साहेब आला की दोर त्याच्या हातात देणार. कॉम्प्युटरला पुढे करायचं नाही. विहीर बंद असं यादीत ज्याने भरलं, त्यानेच पाणी ओढायचं आणि त्यानेच उत्तर द्यायचं.