अर्जदार बोलला होता, याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
निवड समिती, दृक्‌श्राव्य विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला
(लिफ्ट बंद असल्याने जिन्याने).

विषय : साहाय्यक व्हिडिओ संपादक पदाच्या मुलाखतीत मारलेला ‘उत्तर देता आले नाही’ हा शेरा काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) आपले अपात्रतेचे पत्र, दि. ३ ऑक्टोबर. २) मुलाखतीच्या चित्रीकरणाची आपल्या विभागाने दिलेली प्रत. ३) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज, ज्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार पुढीलप्रमाणे सादर करतो :

१. अर्जदाराचे वय सव्वीस असून तो गेली सात वर्षे व्हिडिओ एडिटिंगचे काम करीत आहे. हे काम तो कोणत्याही महाविद्यालयात शिकलेला नाही. आपल्या जाहिरातीत ‘पदवी अथवा समकक्ष अनुभव’ असे छापले होते. त्यातील दुसरी अट आपण शोभेसाठी छापता, हे अर्जदारास तेव्हा ठाऊक नव्हते. दातांच्या डॉक्टरसाठी दात कसे घासावेत, पंपाच्या व्यापाऱ्यासाठी पंप कसा खोलावा, शिवणयंत्राच्या दुकानासाठी सुईत दोरा कसा ओवावा, अशा एकूण दोनशे बारा चित्रफितींची यादी अर्जदाराने तीन प्रतींत जोडली होती. त्यातील एक प्रत मुलाखतीच्या दिवशी आपल्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घडी करून ठेवलेली अर्जदाराने पाहिली. अर्जदाराने तिला बांधलेल्या हिरव्या दोऱ्यावरून ती ओळखू आली. यादीचा कोणास तरी उपयोग झाला, याबद्दल अर्जदार आभारी आहे.

२. अर्जदाराचे वडील एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षे दप्तर सांभाळून निवृत्त झाले. ज्या कागदावर गोल शिक्का आहे त्यावर ते शंका घेत नाहीत. अर्जदाराने तीन वर्षांच्या पदवीला नकार देऊन माडीवरच्या खोलीत जुन्या संगणकापुढे बसून स्वतःच शिकायचे ठरवले, तेव्हा त्यांनी सात आठवडे अबोला धरला. या काळात ते आईमार्फत बोलत, आणि आई घरात नसली तर भिंतीकडे बघून बोलत. अबोला सुटला, पण मन वळले नाही. शेवटी यंदा त्यांनी अट घातली : “एकदा सरकारी खुर्चीसमोर बस आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन ये. मग तू शिकलास असं मी मानीन.” अर्जदार आपल्यासमोर येऊन बसला तो या कारणाने. आपल्या पंख्याखाली बसण्याची हौस म्हणून नव्हे.

३. मुलाखत १९ सप्टेंबर रोजी सकाळी अकरानंतर झाली. मध्ये आपण, डावीकडे दाढीवाले सदस्य व उजवीकडे सदस्य बाई होत्या. नाव व पत्ता विचारून झाल्यावर आपण विचारलेत, “हे काम तुम्ही कुणाकडे शिकलात?” अर्जदाराने उत्तर दिले. ते चार मिनिटे चालले. पुढे पत्र आले : ‘मूलभूत प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. सबब अपात्र.’ अर्जदाराने चित्रीकरणाची प्रत मागितली, ती टपालाने घरी आली. घरी येणारे सरकारी टपाल वडील उघडतात. अर्जदार कामावरून परतेपर्यंत त्यांनी ती तीन वेळा पाहिली होती. त्या प्रतीत आपण प्रश्न विचारता, अर्जदार तोंड उघडतो, आणि लगेच आपण म्हणता, “ठीक आहे, या तुम्ही.”

जेवताना वडील म्हणाले, “घरी तुझं तोंड बंद होत नाही. तिथं काय दातखिळी बसली होती? निदान माहीत नाही असं तरी म्हणायचंस.” अर्जदाराने सांगितले की तो बोलला होता. वडील म्हणाले, “मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कार्यालय कशाला खोटं दाखवेल?” एवढे बोलून त्यांनी ताट बाजूला सारले. त्या दिवशी त्यांनी पुढे काही खाल्ले नाही.

४. अर्जदाराने ती प्रत एकदाच पाहिली. एकदा पुरली. आपल्या माहितीसाठी तपशील खालीलप्रमाणे :

(अ) आपल्या मागच्या भिंतीवरचे घड्याळ प्रश्नाच्या वेळी अकरा वाजून बारा मिनिटे दाखवते. अर्जदाराचे उघडलेले तोंड मिटायच्या आत ते सोळा मिनिटांवर जाते. आपल्या कार्यालयातील घड्याळ त्या दिवशी नेमके चालू होते, हे आपले दुर्दैव.

(आ) आपल्यासमोरचा पाण्याचा पेला भरलेला आहे. पुढच्या क्षणी तो रिकामा आहे आणि आपला चष्मा नाकावरून टेबलावर आला आहे. इतक्या चपळाईने आपण कधी काही केल्याचे अर्जदाराच्या दोन प्रलंबित अर्जांवरून दिसत नाही.

(इ) पंख्याची घरघर त्या जागी तुटते. अशा जोडाखाली खोलीचा नुसता आवाज सलग पसरावा लागतो. हे अर्जदार पहिल्याच महिन्यात शिकला, तेही स्वतःच्या चुकीतून.

(ई) जोडानंतर अर्धा सेकंद तिघांचे हसू ऐकू येते. विनोद कुठेच नाही.

हे काम आपल्या विभागात ज्या कोणी केले त्याच्याकडे पदवी नक्की असणार, कारण त्याशिवाय त्या खुर्चीला हात लावू देत नाहीत. पंपाचे व्यापारी असले काम अर्जदाराच्या तोंडावर परत फेकतात.

५. त्या चार मिनिटांत काय बोलणे झाले ते आपणास ठाऊक आहे, तरी आपली स्मृतीही कोणी कापली असेल म्हणून ते येथे नमूद करतो. अर्जदाराने सांगितले की तो कोणाकडेच शिकला नाही, वडिलांच्या निरोप समारंभापासून शिकला. समारंभ त्यांच्या कार्यालयाच्या उपाहारगृहात झाला व मामांनी फोनवर तो चित्रित केला. वडील घडी केलेला कागद घेऊन उभे राहिले, दोन वाक्ये बोलले आणि थांबले. बावन्न सेकंद थांबले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. लोक आपापल्या चपलांकडे बघत होते. कोणाचा तरी फोन वाजला. मग वडील उरलेली चार वाक्ये घाईने बोलून खाली बसले. घरी आल्यावर ते म्हणाले, “बोललो की नाही, मला काही आठवत नाही.”

आईने अर्जदाराला ते चित्रीकरण नातेवाइकांना दाखवण्याजोगे करायला सांगितले. अर्जदाराला तेव्हा त्यातले ओ की ठो कळत नव्हते. एकोणीस दिवस फुकटचे धडे बघून, चुकून, पुसून, पुन्हा करून त्याने ती बावन्न सेकंदे काढली. त्या जागी आई मान वर करून बघते आहे असा आधीचा तुकडा बसवला आणि खाली पंख्याचा आवाज पसरला. वडिलांनी ते पाहिले व म्हणाले, “बरा बोललो की मी.” हीच अर्जदाराची पदवी, असे त्याने आपणास सांगितले.

यावर आपण चष्मा काढून म्हणालात, “म्हणजे थोडक्यात, बापाला फसवून शिकलात.” तिघे हसलात. हसू थांबायच्या आत अर्जदार म्हणाला, “फसवलं नाही साहेब, सांभाळून घेतलं.” आपले ते वाक्य दप्तरात राहू नये म्हणून आपण अर्जदाराचे सगळेच बोलणे काढायला लावलेत, असा त्याचा स्पष्ट आरोप आहे.

६. आता अर्जदाराची अडचण. चित्रफीत कापता येते, हे तो वडिलांना पाच मिनिटांत दाखवू शकतो. पण वडील भोळे नाहीत. ते “असं करता येतं होय?” म्हणतील, आणि त्यांची नजर टीव्हीखालच्या खणाकडे जाईल. त्या खणात निरोपाची चित्रफीत आहे. ती ते प्रत्येक पाहुण्याला दाखवतात, आणि त्या वेळी आई काही ना काही निमित्ताने स्वयंपाकघरात जाते. गेले एकवीस दिवस तर ते रोज संध्याकाळी अर्जदाराला टीव्हीसमोर बसवून ती लावतात व म्हणतात, “बघ, चार माणसांत असं बोलायचं असतं. कुठं अडखळलोय का मी?” अर्जदार नाही म्हणतो. एकवीस वेळा त्याने नाही म्हटले आहे. आपल्यावरचा त्याचा राग या एकवीस संध्याकाळींचा आहे, याची नोंद घ्यावी.

७. गेल्या शनिवारी सकाळी अर्जदाराने आपल्या प्रतीतील जोड दुरुस्त केला. घड्याळ, पेला आणि चष्म्यासकट आपण चौकटीबाहेर गेलात, पंखा सलग झाला, हसू निघाले. आता अर्जदार खरोखरच गप्प बसला होता असे वाटते. बघताना खुद्द अर्जदारालाही क्षणभर तसे वाटले. समितीने प्रात्यक्षिक परीक्षा घेतली नव्हती, ती ही समजावी. आपण दप्तरी जुनी प्रत ठेवल्यास कापाकापी दिसते. नवी ठेवल्यास अर्जदाराला काम येते हे मान्य होते. निवड करण्यासाठीच समिती नेमलेली असते.

८. सबब विनंती की :

सदर शेरा काढून टाकावा. नोकरी अर्जदारास आता नको आहे, घरी आणून दिली तरी नको.

कापलेली चार मिनिटे आपल्याकडे शिल्लक असल्यास ती कोणत्याही कारणाने अर्जदाराच्या पत्त्यावर पाठवू नयेत. पाठवल्यास अर्जदार स्वतः कार्यालयात येईल, आणि मग आपणास जिन्याचाही उपयोग होणार नाही.

त्याऐवजी एका ओळीचे पत्र पाठवावे : ‘अर्जदाराने प्रश्नाचे उत्तर दिले होते.’ काय उत्तर दिले ते लिहू नये. पत्रावर जावक क्रमांक व गोल शिक्का असावा, वडील आधी ते बघतात. लिफाफा साध्या टपालाने, दुपारच्या वाटपात, अर्जदार कामावर असताना पोहोचेल असा टाकावा.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : ९ नोव्हेंबर

सोबत :
१. अपात्रतेच्या पत्राची प्रत.
२. मुलाखतीची चित्रफीत, विभागाने दिली तशी.
३. तीच चित्रफीत, अर्जदाराने दुरुस्त केलेली.
४. निरोप समारंभाची मूळ चित्रफीत, बावन्न सेकंदांसह : जोडलेली नाही, व कोणीही मागितली तरी मिळणार नाही.