आईचा धवला आणि तीन मशीन

घणसोली गाव,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय अमिताताईस,
कल्पेशचा नमस्कार. भाऊजींना नमस्कार सांग, मनस्वीला आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतोच, तरी दसऱ्याचं सोनं द्यायला गावभर फिरून आले. तुझी भावजय उद्या पेणला येतेय, तिच्याच हाती ही डिस्क आणि हे पत्र देतोय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ऐकून घेत नाहीस आणि मला बोलवत नाही.

डिस्क आत्ताच लावू नकोस. आधी हे वाच.

माझ्या हळदीची कॅसेट आई गेल्यावर तिच्या साड्यांखाली सापडली, हे तुला कळवलं होतंच. खाडीच्या हवेने आत पांढरी बुरशी धरली होती, ती पुसून घेतली. मग आला मशीनचा प्रश्न. आमचा हितेश म्हणाला, "पप्पा, एक वायर येते. इकडे व्हीसीआर, तिकडे लॅपटॉप, झालं काम." वायर आली, पण व्हीसीआर कुठाय? आपला कधीच भंगारात गेला. तुर्भ्याच्या एका गोदामातून जुना आणला, तर त्याने पहिल्याच दिवशी फीत चावली. हळदीच्या पंगतीचा थोडा भाग त्यात गेला. जाऊ दे, पंगतीत जेवणारे काका तसेही ओळखू येत नव्हते.

त्यात बाबांचा हट्ट. "मना ते लॅपटॉप-बिपटॉप नको. चकती दे, टीवीखालच्या डब्यात घालीन न बगीन." म्हणून दुसरं मशीन शोधलं. एकाच पेटीत एका बाजूला कॅसेट, दुसऱ्या बाजूला डिस्क, मध्ये एक बटण. ते मात्र गुणी निघालं. मांडव दिसला, घामाघूम झालेला मी दिसलो, बाबांचे काळे केस दिसले. आणि आई, हिरव्या लुगड्यात, पाटाशेजारी बसून गाताना. तिच्या खांद्याला खांदा लावून तू.

आवाजाचं सांगतो. तेच सांगायला बसलोय आणि तेच टाळतोय.

धवलारीण लग्नाचे धवले गायला लागल्याशिवाय आपल्यात हळद लागत नाही, हे मी तुला काय सांगू. मनस्वीची हळद आईच्या धवल्यावरच लागेल, दुसरी धवलारीण नको, असं तू सगळ्यांना सांगून बसलीस. मीही मोठ्या तोंडाने म्हणालो, कॅसेटमध्ये आहे ना, काढून देतो. ताई, त्या कॅसेटमध्ये धवला नाही. आई गातेय, तोंड हलतंय, आणि वर सिनेमाची गाणी वाजतायत. एक संपलं की दुसरं.

मी आधी मशीनवर खापर फोडलं. वायरी बदलल्या. जुन्या फितीवर आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, एकीवर गाणी टाकली तरी दुसरीवर मूळ आवाज राहू शकतो, असं हितेशने कुठेतरी वाचलं. त्यावर मी इतकी आशा लावली की विचारू नकोस. तसं दोन्ही पट्ट्या वाचणारं मशीन नंदकिशोरकडे निघालं, आपलं शूटिंग केलेला तोच. आता कोपरखैरण्यात झेरॉक्सचं दुकान चालवतो. त्याने लावून दाखवलं. दोन्हीवर गाणीच.

तो खाली मान घालून म्हणाला, "तवा सगल्यांना गानीच पायजे असायची रं. मूल आवाज काढायचा न वर गानी टाकायची. तुज्या आईचा धवला मीच पुसलाय."

त्याला तरी काय बोलू? ही कॅसेट पहिल्यांदा लावली तेव्हा आख्खी आळी आपल्या ओटीवर जमली होती. बाबा म्हणाले, अगदी पिक्चरवानी झालंय. आणि आई पदराआड हसत होती, "बरा झाला, माजा भसारा आवाज गेला." तिचा आवाज तर घरात रोजचाच होता. चुलीपाशी होता, शेजारच्या मांडवात होता. तो जपून ठेवायचा असतो, हे कुणाच्या डोक्यात येणार? मोबाइल आले तोवर तिला दम लागायला लागला आणि तिने गाणं सोडलं.

बाबा आता रोज संध्याकाळी डिस्क लावतात आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करतात. नुसतं तिचं तोंड बघत बसतात. मी बाजूला बसत नाही. मला ते बघवत नाही.

पण परवा ते आवाज बंद करायला विसरले आणि मी दारात थबकलो. हळद सुरू होते तिथे एक गाणं संपतं आणि दुसरं लागेपर्यंत थोडी जागा राहिलीये. नंदकिशोरच्या हातून सुटलेली. त्या जागेत जनरेटरची घरघर आहे, कुणाचं तरी पोर रडतंय, आणि आई आहे. गात नाही, बोलतेय. तिची तीच हाक.

"अमे, आता तू म्हन गो. माजा गला बसला."

मग लगेच सिनेमाचं गाणं सुरू होतं. पण चित्रात आई गप्प बसून पाणी पितेय आणि तुझं तोंड हलतंय, ताई. धवला संपेपर्यंत तूच गातेस. बायका तुझ्यामागून म्हणतायत आणि आई तुझ्याकडे बघतेय.

आता डिस्क लाव.

मनस्वीच्या हळदीला मी स्पीकर आणणार नाही. पाटाशेजारची जागा तुझ्यासाठी राखून ठेवायला भाऊजींना सांग.

आईने तुला सांगितलं, ते पोहोचवायला इतकी वर्षं लावणारा,
तुझा भाऊ
कल्पेश