दोन्ही पाय धड

नाशिक, १९ डिसेंबर १९३५
आप्पांनी इतक्या सहज ‘जा’ का म्हटलं? मागे मनमाडला शिक्षकांच्या संमेलनाला एक रात्र जायचं होतं, तर घरात अबोला. आणि आता मालवण ते वेंगुर्ले, तेही पायी, समुद्राच्या कडेने! आम्ही तिघी: मी, माझ्याच शाळेत शिकवणारी कुसुम (यापुढे कु.) आणि तिची विधवा आत्या. “जा, हवापालट होईल,” म्हणाले आणि तपेल्यावर ठोके घालत राहिले. वर पाहिलं नाही.

आईने पिशवीत मोरपंखी लुगडं घातलं. वाळूतून चालायला रेशीमकाठी कशाला? मी काढून ठेवलं. संध्याकाळी पुन्हा आत.

जूनमध्ये बी.टी.ला, शिक्षकी पदवीला, पाठवायचं आप्पांनी कबूल केलं आहे. घरातली पहिली बी.ए. मी. शब्द फिरवणार नाहीत. नाहीत ना?

मालवण, २४ डिसेंबर
काल बोट लागली. पडावात उतरताना आत्याबाई रामाचा धावा करत होत्या, कु. खिदळत होती. नाशिकच्या थंडीनंतर हे ऊन! अंगावर कोणी धुऊन वाळवलेली दुलई टाकावी तसं.

मुक्काम सगळे आत्याबाईंनी ठरवलेले. परुळ्याला कुणाकडे, म्हणून विचारलं. “आपलीच माणसं.” आपली म्हणजे कुणाची? कु. चपलेचा अंगठा शिवत होती. तिला ऐकूच आलं नाही म्हणे.

भोगवे, २६
तारकर्ली, देवबाग, सगळं अनवाणी. मग होडीने कर्लीची खाडी. होडीवाला म्हणतो, “बायलमाणसां पायी खंय चल्लास? घोवांनी भायर काडल्यानी काय?” कु.: “नवरे मिळालेत कुठे अजून, बाहेर काढायला!” तो इतका हसला की वल्हं सुटलं हातातून. मीही पोट धरून. किती दिवसांनी अशी हसले.

किनाऱ्यावर खेकड्यांमागे धावलो.

मुक्कामावर आत्याबाई म्हणाल्या, “उद्या ते मोरपंखी नेस हो.” मी ते पिशवीतून एकदाही बाहेर काढलेलं नाही. यांना कसं ठाऊक?

परुळे, २७
समुद्र सोडून आत वळलो. तांबडी वाट, काजूची झाडं, कापणी झालेली शेतं. माणूस नाही, आवाज नाही. इथे कितीही दिवस चालत राहावं.

घर भांडीवाल्यांचं निघालं. आमच्यासारखंच. पाण्याचा तांब्या पुढे आला, त्याच्या गळ्याखाली एक पाकळी. आप्पा शेवटचा ठोका असाच पाकळीचा घालतात. नाशिकची भांडी कुठेही जातात, मान्य. पण हा अगदी कोरा. घासायची चिंच लागलेली नाही अजून.

थोरला मुलगा दारात आला, नमस्कार करून गेला. वकिली शिकतो.

मग घरच्या काकी: “बाय गो, न्हाणीमागची बावडी बघून ये.” मी निघाले, आणि सगळ्या जणी ओटीवर येऊन उभ्या.

ताईला पाहायला आले होते तेव्हा म्हणाले होते, “चालून दाखव.” ती मान खाली घालून चालली. सगळ्यांचे डोळे तिच्या पावलांवर. मी कोपऱ्यात होते, शाळकरी. तेव्हाच ठरवलं होतं, माझं असं होणार नाही.

डावा पाय ओढत बावडीपर्यंत गेले. ओढतच परत आले.

“अगो बाय माझ्या, पायाक काय झाला?”
“लहानपणापासून आहे.”
कु.ने माझ्याकडे पाहिलं. बोलली नाही.

२८, सकाळ
काकींनी खोबरेल कोमट करून पाय चोळला. “चेडू गुणाचा आसा. देवान पाय तेवढो असो दिल्यान.” हात इतका मऊ की मला डोळे वर करवेनात. पाहायला आणलेल्या मुलीचा पाय कोणी असा मांडीवर घेतं का? मग वाटलं, घोटा, गुडघा, सगळं दाबून पाहिलं. माया की तपासणी?

वेंगुर्ले, ३०
बंदरावर कु.ला गाठलं. “तुला ठाऊक होतं?”
“काय ते?”
“हेच.”
“तुला बाई जिथेतिथे मांडवच दिसतो.” हसली, पण पाण्याकडे बघून. मग, “आणि लहानपणापासूनचा पाय भोगव्याला खेकड्यांमागे बरा पळत होता गं?”

ती सामील असेल तर परुळ्याला गप्प का राहिली? आणि नसेल, तरी गप्प का?

परत फिरेपर्यंत लंगडायचं. एकदा सुरू केलं की सोडता येत नाही. इतका सुंदर किनारा, आणि मी खाली बघत पाय ओढते आहे. ताईसारखीच मान खाली.

नाशिक, ४ जानेवारी १९३६
नाशिकरोडला आप्पा टांगा घेऊन आलेले. सामानाला हात लावायच्या आधी म्हणाले, “पाय कसा आहे?”

घरी मी एक अक्षर कळवलेलं नव्हतं. आत्याबाई वळकट्या मोजू लागल्या. कु. माझ्याकडे बघत राहिली. चकित झालेली दिसली. खरी की खोटी, कळायला मार्ग नाही.

लंगडी म्हणून परुळ्याहून नकार येईल आणि मी सुटेन, असं वाटलं होतं. पण तो नकार त्यांचा. पुढच्या घरी काय? तिथेही लंगडायचं?

“पाय धड आहे आप्पा. दोन्ही. आणि मी नाही म्हणते आहे. जूनमध्ये बी.टी.”

“टांग्यात बस. घरी बोलू.”

बसले नाही. नाशिकरोडहून घरापर्यंत चालत आले, भरभर, मान वर करून. टांगा सगळी वाट मागेच होता. आप्पांनी सांगितलं असतं तर घोडा केव्हाच पुढे निघाला असता. त्यांनी सांगितलं नाही.