पंचमीचं नवं कापड

अहो,

काल तुमच्या फोनवरून पैसे भरून गेममधले डायमंड घेतले ते मीच. बँकेचा मेसेज बघून घाबरू नका, कुणी फसवलं न्हाय. निवी गेल्यावरची ही पहिली पंचमी. लेकीच्या अंगाला नवं कापड नको व्हय? तिच्या फोनात गेम उघडून तिथल्या तिच्या बाहुलीला त्या डायमंडांवर हिरवा झगा घेतला. लई गोड दिसली हो.

तेवढ्यात चिकोडीच्या भैरवीचा मेसेज आला, "निवे, आलीस व्हय गं? आठ म्हैने कुठं गेलतीस?" दोघी या गेममध्येच मैत्रिणी झालेल्या. त्या पोरीला कुणीच कळवलं नव्हतं. मी खरं सांगायला बसले आणि बोटांनी नुसतं "आले" असं लिहिलं. तिनं लगेच घरचा पत्ता धाडला, "झोका बांधलाय, उद्या येच."

म्हणून मी चिकोडीला निघाले. आमटी-भात झाकून ठेवलाय. निवीचा फोन घरीच आहे, सकाळपासून वाजतोय. तुम्ही उत्तर देऊ नका. "तू आल्याबिगर मी झोक्यावर बसणार न्हाय," असं लिहिलंय भैरवीनं. तिला जवळ घेऊनच सांगते.

रचना