बिनतोंडाच्या चित्राला हार

१५ सप्टेंबर, सोमवार
अखेर नोकरी लागली. कलबुर्गीच्या चित्रकला पदविकेला पाच वर्षं सगळ्यांनी हसून घेतलं, आता बोला म्हणावं. कोळारच्या औद्योगिक वसाहतीत हैदराबादच्या एका मालकाचं गोदाम आहे. त्यात त्याने विकत घेतलेली चित्रं पेट्यांमध्ये ठेवलेली असतात. ती जपायची आणि त्यांत काही बदल दिसला की लिहून ठेवायचा, एवढंच काम. फाटकापासून हाकेच्या अंतरावर खोली मिळाली. बायको ज्योत्स्ना मेहकरहून भांडी घेऊन आली. लेक दीपूने पहिल्याच दिवशी गोदामाचा रस्ता पाठ केला. सहा वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत आणि तोंड मात्र दिवसभर चालू.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
एका पेटीला वाळवी लागली होती म्हणून त्यातलं चित्र काढून ऑफिसच्या भिंतीवर टांगलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कुण्या डच चित्रकाराचं आहे. मागे नाव लिहिलंय, पण ते कुणाला वाचता येत नाही. धडापेक्षा मोठं पिवळं डोकं, एक डोळा वर, एक खाली, हात उंचावलेले आणि पाय एकच. तोंड काढलेलंच नाही. माणूस आहे एवढं कळतं, बाई की बुवा ते कळत नाही. मला आवडलं. झाडूवाल्या सुमनबाई म्हणाल्या की एवढ्या पैशात त्याला दुसरा पाय तरी द्यायचा होता. त्या स्वतः एका पायाने लंगडतात आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसतात.

१ ऑक्टोबर, बुधवार
आयुधपूजा. आमच्या घरात आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून असलं काही नसतं, म्हणून मी बाजूला उभा राहून पेढे खाल्ले. हमालांचे मुकादम ईरण्णा उत्साही माणूस. वजनकाटा, हातगाडी, कुलूप, पंखा, सगळ्यांना झेंडूचे हार. एक हार उरला तो त्यांनी चित्राला घातला आणि म्हणाले, एका पायाची ही आपली सुमनबाईच दिसायलीय की. सगळे हसले, सुमनबाईसुद्धा. निघताना चित्रावर तोंड दिसलं. बारीक, पानाने रंगलेल्या कोपऱ्याचं. कुंकवाचं बोट लागलं असणार. उद्या धम्मचक्र दिनाची सुट्टी, परवा पुसतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सुमनबाई गेल्या. फाटकाशी झाडत होत्या आणि ट्रक मागे येत होता. त्यांना पटकन बाजूला होता आलं नाही. पान खाल्लेलं तोंड उघडंच राहिलं होतं.
ऑफिसात येऊन पाहिलं तर चित्राला तोंड नव्हतं. मी पुसलेलं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार
ईरण्णांनी सुकलेला हार उतरवला. हार मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात, आपण हारही घातला आणि जित्या बाईचं नावही घेतलं, असं म्हणत राहिले. मी त्यांना समजावलं. अपघात तो अपघात. तोंडाचं मात्र त्यांना सांगितलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार
सुपरवायझर आप्पारावांनी आज सगळ्यांसमोर माझ्या हातात सुमनबाईंचा झाडू दिला. नवीन बाई मिळेपर्यंत तू झाड, म्हणाले, तुमच्या लोकास्नी सवय असती. मी झाडलं. दीपूच्या शाळेची फी डोळ्यांपुढे आली, म्हणून झाडलं. इतका राग मला आजवर कुणाचा आलेला नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
येताना झेंडूचा हार आणला. चित्राला घातला. आप्पारावांनी विचारलं, तर सुमनबाईंसाठी आहे असं सांगितलं. फार भक्ती उतू चाललीय म्हणाले.
नाव मनातल्या मनात घेतलं, आप्पारावांचं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
तोंड उमटलेलं नाही. मोठ्याने म्हणावं लागत असेल. दोनदा चित्रापुढे उभा राहिलो, शब्द फुटेना. भूतखेत न मानणारा शिकलेला माणूस मी. स्वतःचीच लाज वाटली. पण हार उतरवला नाही. उद्या म्हणेन.

११ ऑक्टोबर, शनिवार
दुपारी ज्योत्स्ना डबा घेऊन आली, सोबत दीपू. मी हात धुवायला गेलो होतो. परत आलो तर दीपू चित्रापुढे हात वर करून, एका पायावर उभी. म्हणाली, पप्पा, ही मीच हाय.
चित्राला तोंड उमटलं. हसरं. पुढचे दोन दात नाहीत.
हार तोडला. तोंड तसंच. ओल्या फडक्याने पुसलं, रॉकेलने पुसलं. तसंच. ईरण्णांना फोन केला. सगळं ऐकून ते नुसते रडले.

१२ ऑक्टोबर, रविवार, सकाळ
ज्योत्स्नाला बजावलं — दीपूला उंबऱ्याबाहेर सोडायचं नाही. कामून ते सांगितलं नाही. काय सांगू? हार मी आणला —
डबा न घेताच निघालो. नवीन हार घेतला. चित्राला घातला आणि ओरडून म्हणालो, हा आप्पाराव. शंभर वेळा. तोंड तिचंच.
मग माझं नाव घेतलं. हा राजपाल. हा राजपाल. मला ने.
दोन दात नाहीत. हसतंय.

अकरा वाजले. रविवार असूनही ट्रक लागलेत. इथून हलत नाही. एकेक बदल लिहून ठेवतो, तेच तर माझं काम — लिहीत राहिलो तर कदाचित —
ज्योत्स्नाचा फोन. ती नळावर पाणी भरत होती — डबा घरीच राहिलेला — पप्पा उपाशी आहेत म्हणून दीपू एकटीच निघाली — तिला रस्ता पाठ —
बाहेर ट्रक मागे घेतायत. हॉर्न. ईरण्णा कुणाला तरी थांब थांब म्हणून —
तोंड पुसट होतंय. नको. आधी कोपरा, मग ओठ, आता नुसती दातांची जागा —