अकरा स्वच्छ खापरं

रविवार, १ जून. संध्याकाळ.

बॅग भरताना शाळेतली मैत्रीण कार्मेल आठवली. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात शनिवारी दुपारी आम्ही दोघी नन्सचे कप धुवायला असायचो. मी घासायची, ती पुसायची. सिस्टर बेनिग्नस एकेक कप खिडकीशी उजेडात धरायच्या आणि काही न बोलता खाली ठेवायच्या. त्यांची शाबासकी तेवढीच. कार्मेल माझ्या कानाशी लागून म्हणायची, "स्वर्गात गेलीस ना, तरी तुला तिथे भांडीच घासायला लावतील बघ." आम्ही ओठ दाबून हसायचो. बाहेर दोरीवर चादरी फडफडत असायच्या. पंचेचाळीस वर्षं झाली.

उद्यापासून उत्खनन. आयर्लंडच्या लाउथ परगण्यातली, मातीच्या बांधाने वेढलेली एक गोल वस्ती, बाराशे वर्षं जुनी. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला चार आठवडे सक्तीचे. बाकीचे विद्यार्थी विशीतले, मी त्रेसष्ट. त्यांना माझा आधार वाटेल.

संकल्प: रोज नोंद. तक्रार नाही. विचारल्याशिवाय सल्ला नाही.

सोमवार, २ जून.

सकाळपासून तीन सल्ले दिले. पण ते विचारल्यासारखेच होते. ओल्या जमिनीवर उघडे गुडघे टेकून बसलेल्या मुलांकडे बघत राहायचं का?

आमचे प्रमुख डॉ. फर्गल मॅकार्डल. वय चाळीसच्या आसपास, पण उठता-बसता गुडघे वाजतात. हात मिळवून म्हणाले, "गोरेट्टी, आलात, बरं झालं." सगळ्यांना असं म्हणाले नाहीत. मी लक्ष ठेवून होते.

माझी जोडीदार ब्रोना. एकवीस वर्षांची, सीमेपलीकडच्या, उत्तर आयर्लंडमधल्या गावातली. थापीने माती अशी अलगद काढते की जणू टोस्टवरचं जास्तीचं लोणी काढतेय. मी तिला म्हटलं, थोडा जोर लाव. ती म्हणाली, "हो, मदर सुपीरिअर."

दुपारी मला हाडाची सुई सापडली. फर्गलनी बराच वेळ निरखली. म्हणाले, झुडपाचं मूळ आहे. मला अजून तशी खात्री वाटत नाही.

मंगळवार, ३ जून.

मला खोदण्यावरून काढून बादल्या वाहायला लावलं आहे. संपूर्ण जागेची ओळख व्हावी हा हेतू. फर्गलनी तसं सांगितलं नाही, पण उघड आहे.

अकराच्या चहाचं काम मी हातात घेतलं. आजवर ही मुलं जे पीत होती त्याला चहा म्हणवत नाही. आता "मदर सुपीरिअर, दुसरं बिस्किट घेतलं तर पाप लागेल का?" असं चाललेलं असतं. प्रेम आहे.

ब्रोना आज मोकळेपणाने बोलली. जुलैत स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर मोठं उत्खनन आहे, पगारी, आणि तिथे एकच जागा. फर्गलचं शिफारसपत्र बुधवारी, अकरा तारखेला, पोचायला हवं. "मिळालं तर आयुष्यभर हेच करीन," म्हणाली. "नाही मिळालं तर मामाच्या टायरच्या दुकानात." मी म्हटलं, माझ्याकडून जे होईल ते करीन.

गुरुवार, ५ जून.

पाऊस. खोदणं बंद. अशा दिवशी सापडलेल्या वस्तू धुतात. केबिनमध्ये टब, टूथब्रश, वर्तमानपत्रं. आज पाळी ब्रोनाची, धुण्याच्या वहीत तिचं नाव. वस्तूंचा सगळा कारभार युनाकडे. तिने सकाळी सगळ्यांना उभं करून बऱ्याच सूचना दिल्या. मी तेव्हा चहाबरोबरच्या स्कोन-पावांना लोणी लावत होते. शेवटची सूचना ऐकली: ब्रश जागेवर ठेवा.

दुपारी सगळे गावात चिप्स खायला गेले. मी मागे राहिले. खालच्या फळीवर एक पेटी दिसली. आत अकरा खापरं, प्रत्येक वेगळं फॉइलमध्ये गुंडाळलेलं. काळी मिट्ट, आतून खरवड धरलेली. पोरीने कंटाळून मागे सारली असणार. फर्गलनी पाहिलं असतं तर तिच्या पत्राचं काय झालं असतं?

घरून आणलेला लिंबाचा साबण काढला. खरवड हटेना, तेव्हा चमच्याचं टोक लावलं. दीड तास. खालून इतकी सुंदर तांबूस माती निघाली! एकेक उजेडात धरून पाहिलं, पुसलं, परत फॉइलमध्ये ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. चांगलं काम गुपचूप करावं.

सोमवार, ९ जून.

सकाळी युनाने पेटी उघडली. ओरडली नाही. खुर्ची ओढून बसली.

ती खरवड म्हणजेच सगळं होतं. बाराशे वर्षांपूर्वी कुणा बाईने करपवलेलं जेवण. प्रयोगशाळेत ती तपासून काय शिजत होतं, कधी शिजत होतं, ते कळणार होतं. म्हणून फॉइल. म्हणून झाकणावर लाल अक्षरात 'धुवू नये'. झाकण मी काढून उलटं ठेवलं होतं.

फर्गलनी वही उघडली. "गुरुवारी कोण होतं?"

ब्रोना म्हणाली, "मी. पण या पेटीला मी हात लावला नाही."

"मग कुणी लावला?"

तिने टेबलावरचा एक ब्रश उचलून जागेवर ठेवला. मी बोलणारच होते, पण तोंडात स्कोन होता. गिळेपर्यंत फर्गल बाहेर गेले होते.

संध्याकाळ. संकल्प: उद्या सकाळी सगळ्यात आधी सांगायचं. वाक्यं तयार केली. सुरुवात चांगली जमली आहे: "फर्गल, हेतू कितीही शुद्ध असला तरी..."

मंगळवार, १० जून.

सकाळी फर्गल फोनवर. अकराला शेजारी युना. एक वाजता त्यांचं डोकं दुखायला लागलं. डोकं दुखणाऱ्या माणसाला असं काही सांगणं निर्दयपणाचं.

ब्रोनाशी कुणी फारसं बोलत नाही. मी तिला मोठा स्कोन दिला. तिने तो तसाच ठेवला.

संध्याकाळी गावच्या चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला गेले. फादर ऐंशीच्या पुढचे. म्हणाले, "भांडी घासलीस, ह्यात पाप कसलं?" मी म्हटलं, फार जुनी भांडी होती. "मग तर घासायलाच हवी होती." मला हायसं वाटलं. तेवढ्यात जाळीपलीकडून विचारलं, "बोलणी कोण खातंय?" मी म्हटलं, एक मुलगी. "मग बये, इथे काय करते आहेस?"

फादर आता थकले आहेत. प्रायश्चित्त म्हणून 'हेल मेरी'च्या दोन प्रार्थना मी स्वतःच ठरवून म्हटल्या.

बुधवार, ११ जून.

पत्राचा दिवस. चार वाजता सांगायचं नक्की केलं होतं. साडेतीनलाच फर्गल दार लावून पत्र लिहायला बसले. मी चहा घेऊन आत गेले. हे तर ठरवलेल्यापेक्षाही बरं होतं. दोघंच.

ते म्हणाले, "काय लिहू हो हिच्याबद्दल? हातात जादू आहे पोरीच्या. चुकली, तेही ठीक, सगळेच चुकतात. पण समोर धडधडीत दिसत असताना कबूल करत नाही. हे लपवून लिहिलं तर उद्या मीच खोटा ठरेन. तुम्ही जवळून पाहिलंय तिला. तुम्ही सांगा."

मी म्हणाले, "साखर दोन चमचे घातली आहे."

गुरुवार, १२ जून.

सांगितलं. तयार केलेलं एकही वाक्य वापरलं नाही. फर्गल संडासाच्या केबिनमधून ओले हात झटकत बाहेर येत होते आणि मी वाट अडवून उभी. "मी धुतली. लिंबाच्या साबणाने. चमच्याने खरवडली." मागे दोघं रांगेत उभे होते, त्यांनीही ऐकलं.

फर्गलनी तिथूनच ऑर्कनीला फोन लावला. जागा सकाळीच दुसऱ्या कुणाला दिली होती. पत्रात एक ओळ सावधपणे लिहिलेली होती, तेवढी ऑर्कनीवाल्यांना नकार द्यायला पुरली. ते माझ्यावर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काल मी तुम्हाला विचारलं होतं, गोरेट्टी."

ब्रोना ट्रेंचमध्ये माती काढत होती. मी काठावर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तिने मान वर केली नाही.

"मला सोमवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "खापरांना लिंबाचा वास येत होता. तुमच्या हातांना येतो तसा."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"आमच्या गावात कुणी कुणाचं नाव सांगत नाही. मरतील पण सांगणार नाहीत. आणि मला वाटलं, नन्सच्या हाताखाली शिकलेली बाई आहे, चहाच्या आत सांगेल. मग म्हटलं, जेवणाच्या आत सांगेल. मग म्हटलं, बुधवारपर्यंत तरी."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"सरका जरा," ती म्हणाली. "उजेड अडवताय."

शुक्रवार, १३ जून. सकाळ.

आज जाते आहे. फर्गल म्हणाले, थांबा, बादल्यांना माणूस लागतोच. फार आग्रह केला नाही. पदवीचं पुढे बघू. कुठलाही संकल्प नाही.

जाताना युनाच्या टेबलावर ठेवायची चिठ्ठी आधी इथे लिहून काढते.

किटली आणि दोन्ही थर्मास इथेच राहू देत. चहा कुणी करायचा ते मुलांनी ठरवावं.

गुडघ्याखाली घ्यायची गादी फर्गलना. माझी म्हणून सांगू नये, घेणार नाहीत.

थापी ब्रोनाला द्यायची होती. काल विचारलं. म्हणाली, माझ्याकडे आहे. तेव्हा ज्याच्याकडे नसेल त्याला.

या वहीतलं ५ जूनचं पान कापून सोबत ठेवते आहे. ते फर्गलना. धुण्याच्या वहीत त्या तारखेला चिकटवावं आणि ब्रोनाचं नाव खोडून माझं पूर्ण नाव लिहावं: मेरी गोरेट्टी कीनन. पानाची एक प्रत ऑर्कनीला पाठवावी, म्हणजे पुढच्या वर्षी जागा निघाली तर त्यांच्यापाशी असेल. एक प्रत ब्रोनाला.

पान आहे तसंच द्यावं. त्यातला एकही शब्द मी बदललेला नाही.